गोठ्यातलं रवंथ, डोक्यातलं रवंथ

काष्टीचा शनिवारचा बाजार ज्यानं पाहिलाय, त्याला जनावर पारखणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. नगर-दौंड रस्त्यावरचं, श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव. शनिवारी इथं बैल, म्हशी, शेळ्या उतरतात आणि लांबलांबून गिऱ्हाईक येतं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरतो, पण ते नंतरचं. आधी म्हैस घेणारा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो. कान हातात धरतो, गार तर नाही? नाकाड ओलं आहे का बघतो. शेण कसं टाकलंय ते बघतो. मग मालकाला विचारतो, "रवंथ करती ना नीट?"

धडधाकट गाय-म्हैस दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. ते थांबलं की घरातल्या म्हातारीलाही कळतं, काहीतरी बिनसलंय. "चारा सोडलाय," एवढे दोनच शब्द डॉक्टरला फोनवर पुरतात आणि त्याच संध्याकाळी त्याची मोटारसायकल दारात उभी राहते.

त्याच घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा तीन आठवडे पहाटे तीनपर्यंत जागा असतो. अकराला उठतो, अर्धी भाकरी ताटातच ठेवून उठतो, कबड्डीच्या मैदानाकडे फिरकत नाही, मित्राचा फोन वाजून वाजून बंद होतो. त्यालाही चारा सोडलाय असंच म्हणायला हवं. पण घरातलं निदान एकच, "मोबाईल लई झालाय."

बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात आता परिक्रमा संकुलासारख्या संस्थांमुळे अभियांत्रिकीचीही मुलं दिसतात. मी लिहितोय ते मात्र कुठल्या एका कॉलेजबद्दल नाही. श्रीगोंदा, दौंड, नगर, बारामती, कुठंही जा, गोष्ट तीच. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोरगं पहिल्या सेमिस्टरला वर्गात बसतं तेव्हा त्याला गणित अवघड जात नाही, गणिताचं इंग्रजी अवघड जातं. ओरलला उत्तर येत असतं, वाक्य येत नसतं. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचं दार उघडत नाही, हा जुना नियम. एक विषय राहिला की अख्खं वर्ष गेलं. मुलांच्या भाषेत 'वायडी', म्हणजे इयर डाऊन.

वायडीचं वर्ष फार वाईट. कॉलेजात तास नाहीत आणि शेतात जावं तर बाप म्हणतो, तू अभ्यास कर. काही मुलं तर घरी सांगतच नाहीत. सकाळी डबा घेऊन निघायचं, स्टँडवर बसायचं, चारला परतायचं. असा डबा मी उघडलेला पाहिलाय. साडेतीन वाजता, बाकावर, भाजीसकट दोन चपात्या कुत्र्याला टाकलेल्या. आईला रिकामा डबा दिसायला हवा ना!

या मुलाच्या डोक्यात दिवसभर काय चालतं? रवंथच. मानसशास्त्रात याला नावच तसं आहे, रुमिनेशन. मूळ शब्द गाईगुरांच्या रवंथावरूनच आलेला. 'मी नापासच का झालो, माझ्यातच काही खोट आहे, बाबांनी उसने पैसे काढले आणि मी हे केलं' हाच घास पुन्हा वर आणायचा, पुन्हा चघळायचा. गुराचं रवंथ थांबलं की ते आजारी आणि माणसाचं थांबेना की तो आजारी, असा हा उलटा हिशेब. गाय चघळते त्यातून दूध तयार होतं. डोक्यातल्या या चघळण्यातून काहीही तयार होत नाही, घास तेवढा कडू होत जातो.

सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच एका गोष्टीचा अभ्यास केला. 1989 मध्ये त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. तिथल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली होती: मन खट्टू झालं की तुम्ही काय करता? उठून कामाला लागता, की मन का खट्टू झालं यावर विचार करत बसता? त्यानंतर काही दिवसांतच, 17 ऑक्टोबरला, त्या भागात मोठा भूकंप झाला. बाईंनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं, दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी. विचार करत बसणारी मुलं जास्त खचलेली निघाली. भूकंप तर सगळ्यांनाच बसला होता. आमच्याकडचा भूकंप म्हणजे निकालाचा दिवस, एवढाच काय तो फरक.

म्हणजे मग "विचार करू नको" असं सांगून भागेल का? नाही. ते आपण सांगतोच, रोज सांगतो, आणि त्यानं काही होत नाही. "टेन्शन घेऊ नको" हे वाक्य तर मला आता शिवीसारखं वाटतं. टेन्शन काय दुकानातून घेतलेलं असतं, परत करायला?

उपयोग कशाचा होतो याचं चांगलं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालंय. तिथं 'संगत' ही संस्था 1996 पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला आणि तो 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या माणसांशी बोलायला मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, स्थानिक, थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं नेमली. सहा ते आठ भेटी. भेटीत काय, तर तुला पूर्वी काय करावंसं वाटायचं ते आठव, त्यातली एक छोटी गोष्ट उद्या कर, कशी झाली ते पुढच्या वेळी सांग. मन ठीक झालं की काम करीन असं नाही. आधी काम, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या माणसांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आली होती. नेहमीचे उपचार, तेही जरा सुधारून, मिळालेल्यांपैकी 39 टक्के. ही 18 ते 65 वयाची माणसं होती, नुसती कॉलेजची मुलं नव्हेत. पण ज्याच्या घरी गोठा आहे त्या मुलाला 'उद्या सकाळची धार तू काढ' हे सांगायला कुठली पदवी लागते?

मात्र धार काढून सगळंच सुटतं असं कुणी समजू नये. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, आवड तिन्ही गेली असतील, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आजार वयाच्या 24 वर्षांआत सुरू होतात, म्हणजे नेमके कॉलेजच्या वयापर्यंत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. न पोचण्याची किंमतही नोंदलेली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले 1,764 महाराष्ट्रातले. इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

म्हणून एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे आणि तो मराठीत तयार आहे: "जीव नकोसा होतो का रे?" असं विचारलं तर नसता विचार पोराच्या डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं विचार येत नाही, उलट कुणीतरी ओळखलं म्हणून मूल मोकळं होतं. तो "हो" म्हणाला तर रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. पोलिस केस होईल म्हणून लपवण्याचेही दिवस गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य.

कॉलेजांचं काय? जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. चांगलं झालं. पण आमच्याकडच्या कॉलेजांत प्रत्येक वीस मुलांमागे एक 'मेंटॉर' प्राध्यापक आधीपासून असतो आणि त्याची फाईलही असते. कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी त्या फाईलमध्ये सहा महिन्यांच्या भेटी एका दुपारी भरल्या जातात; पेन मात्र वेगवेगळी वापरतात. समुपदेशकाचीही अशीच फाईल होऊ नये.

शिवाय गावात दुसरी अडचण. काष्टीचा मुलगा नगरला मानसोपचारतज्ज्ञाकडे निघाला तर एसटीत कुणीतरी भेटणारच, "कुठं निघालास रं?" आणि संध्याकाळपर्यंत गावभर. अशा मुलासाठी फोन बरा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतून. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढं डॉक्टरला जोडून देतात. गावात कुणाला कळत नाही.

येत्या शनिवारी बाजारातून घरी याल तेव्हा पोराला जवळ बसवा, मार्कांचं काढू नका. झोप लागते का, जेवण जातं का, तेवढं विचारा. आणि 14416 हा नंबर त्याच्या फोनमध्ये त्याच्याच हातानं घालायला सांगा. कुठल्या नावानं ठेवायचा ते त्याचं त्याला ठरवू द्या.