विश्लेषण : टॉवर नसताना संदेश पोहोचवायचा, तर बॅटरी कुणाची खर्च करायची?

महापुरात किंवा भूकंपात मोबाइल टॉवर बंद पडले, की बचाव पथकांचा संपर्क तुटतो. अशा वेळी ‘मोबाइल अॅड-हॉक नेटवर्क’ उपयोगी पडते. त्यात मध्यवर्ती केंद्र नसते. प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा संदेश पुढे ढकलते. या शेजारधर्माची किंमत मोजते ती बॅटरी.

मार्ग कसा शोधतात?

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ने २००३ मध्ये दोन पद्धतींचे प्रायोगिक मसुदे प्रसिद्ध केले. ‘एओडीव्ही’त गरज पडल्यावरच मार्गाची विचारणा सर्वत्र पाठवली जाते. ‘ओएलएसआर’मध्ये मार्गांचे तक्ते कायम तयार असतात, संदेश लगेच निघतो, पण तक्ते अद्ययावत ठेवण्यात सतत ऊर्जा जाते. पथके फिरती असल्याने मार्ग वारंवार तुटतात आणि हा खर्च वाढतो.

ऊर्जा कुठे जाते?

मोकळ्या जागेत प्रक्षेपणाला लागणारी शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १०० मीटरचे अंतर ५० मीटरच्या दोन टप्प्यांत कापल्यास ती निम्म्यावर येते. मात्र मधल्या उपकरणाला संदेश स्वीकारण्यासाठीही वीज लागते. म्हणून टप्पे वाढवत नेण्यात हशील नाही. शिवाय संदेशाची नुसती वाट पाहणारा रेडिओही बरीच वीज खातो.

कमी टप्प्यांचा मार्ग धोक्याचा का?

असे मार्ग बहुधा मध्यावरच्या त्याच त्या उपकरणांतून जातात. ती आधी बंद पडतात आणि इतरांच्या बॅटऱ्या शाबूत असूनही नेटवर्कचे दोन तुकडे होतात. सिंग, वू आणि राघवेंद्र यांनी १९९८ मधील शोधनिबंधात टप्प्यांऐवजी ऊर्जेचे निकष सुचवले, ते यासाठीच.

मग उपाय काय?

मार्ग निवडताना प्रत्येक उपकरणात उरलेली बॅटरी हिशेबात धरणे, जवळच्या शेजाऱ्याशी कमी शक्तीने बोलणे आणि काम नसताना रेडिओ ठरावीक वेळ झोपवणे, हे प्रमुख उपाय. केनियातील ‘झेब्रानेट’ प्रकल्पात झेब्र्यांच्या गळ्यातील पट्टे एकमेकांच्या टप्प्यात आल्यावर नोंदींची देवाणघेवाण करत. तिथे नोंद काही तास उशिरा पोहोचली तरी चालते. ढिगाऱ्याखालच्या माणसाची हाक मात्र थांबू शकत नाही. त्यामुळे किती बचत करायची, हे आधी संदेशाची निकड पाहूनच ठरवावे लागते.