परत आलेला एक वॅट

"मीटर चांगलं दाखवतंय, म्हणूनच मला शंका येतेय."

नालासोपाऱ्यात आचोळे रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कनेक्टर निवडत उभे असलेले एक काका शेजारच्या मुलीला हे सांगत होते. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अँटेनाकडून परत येणारी पॉवर फक्त चार टक्के आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं ती मघापासून पटवून देत होती आणि काका ऐकायला तयार नव्हते. काकांची उभी हयात दूरसंचारच्या कामात गेलेली. मोजमापावर भिस्त ठेवणारा माणूस चांगल्या आकड्यावर नाराज का, ते मला कळेना. विचारलं तर म्हणाले, "रविवारी हिच्या गच्चीवर या. लवकर या, नंतर लादी तापते."

मुलीकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन तो मिळतो आणि किती पॉवरने बोलायचं याची मर्यादाही त्यात ठरलेली असते. तिचा सेट २५ वॅटचा, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा. घर दुसऱ्या मजल्यावर, अँटेना चौथ्या मजल्याच्या वर गच्चीत, मध्ये वीस मीटर केबल. केबल आणि अँटेना दोन्ही एका जुन्या हॅमकडून आलेली. सुरुवातीला बोरिवलीपर्यंत स्वच्छ बोलणं व्हायचं. यंदा वसई स्टेशनच्या पलीकडे तिला कोणी ऐकेना. पलीकडचे मात्र तिला ऐकू यायचे, थोडे खरखरत.

"काका, पन्नास वॅटचा सेट घेऊ का?"

"नळाला पाणी कमी आलं की आपल्याकडे आधी मोठी मोटर बसवतात," काका म्हणाले. "पाइप कुठे फुटलाय ते कोणी बघत नाही." नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला हे फोड करून सांगावं लागत नाही.

त्यांच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला मीटर निघाला. बर्ड ४३. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कंपनीने १९५० च्या दशकात आणलेलं हे मॉडेल जगभर आजही वापरात आहे. वर काचेआड काटा, खाली एक गोल खोबण आणि खोबणीत बसणारा धातूचा ठेंगणा स्लग. स्लगच्या माथ्यावर बाण आणि "२५ सी" अशी खूण. २५ म्हणजे वॅट, सी म्हणजे १०० ते २५० मेगाहर्ट्झचा पट्टा. मीटरला बॅटरी लागत नाही. स्लगच्या पोटातलं छोटं वेटोळं केबलमधून जाणाऱ्या लहरीतूनच कणभर वीज उचलतं, डायोड तिला एका दिशेची करतो आणि काटा हलतो. काटा शेवटपर्यंत जायला ३० मायक्रोअँपिअर पुरतात. ते वेटोळं लाइनमधला व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकदम टिपतं. बाणाच्या दिशेने जाणाऱ्या लहरीचे हे दोन अंश एकमेकांत मिळवले जातात, उलट येणाऱ्या लहरीचे एकमेकांना खोडून काढतात. म्हणून बाण अँटेनाकडे असला तर जाणारी पॉवर दिसते. स्लग चिमटीत धरून अर्धा फिरवला की परत येणारी.

तो अर्धा फेरा मी त्या सकाळी पुन्हा पुन्हा बघत राहिले. काकांची बोटं जाडजूड, अंगठ्यावर सोल्डरिंगचे जुने चट्टे, पण स्लग फिरवताना ती अशी हलकी होत की खोबणीला धातू घासल्याचाही आवाज येत नसे. आजकाल एका बटणावर सगळं दाखवणारी यंत्रं मिळतात. मला मात्र हा मीटर जास्त प्रामाणिक वाटला, कारण कुठल्या बाजूची गोष्ट विचारायची आहे हे माणसाला आपल्या हाताने ठरवावं लागतं.

आधी सेट डमी लोडवर तपासला. डमी लोड म्हणजे ५० ओहमचा रोध, सगळी पॉवर गिळून तापणारा. २५ वॅट आले. सेट निर्दोष. मग मीटर सेट आणि केबलच्या मध्ये. मुलीने पीटीटी, म्हणजे बोलायची कळ, दाबली. जाणारे २५. स्लग फिरवला, काटा शून्याजवळ जरासा उठला.

"एक वॅट. चार टक्के," मुलगी म्हणाली.

"या स्लगवर नको वाचू," काका म्हणाले. या मीटरची चूक पूर्ण मापाच्या पाच टक्क्यांपर्यंत असू शकते. २५ च्या स्लगवर ती होते सव्वा वॅट, म्हणजे आपण जो एक वॅट वाचतोय त्याहून चूक मोठी. त्यांनी ५ वॅटचा स्लग काढला. तो घालताना बाण दोनदा पाहिला. बाण चुकून अँटेनाकडे राहिला तर पाचाच्या स्लगवर पंचवीस वॅट येतात, काटा आदळतो, डायोडही जाऊ शकतो. नवा स्लग बसला, पीटीटी दाबली. नीट एक वॅट.

म्हणजे चार टक्के खरेच होते. हॅमच्या भाषेत परतीचं हे माप म्हणजे एसडब्ल्यूआर, तो दीड. पुस्तक उघडलं तर कुठलंही पुस्तक याला पास करेल. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं की काका उगाच ताणतायत.

"आता वर चला."

गच्चीवर टाक्या, डिश, दोरीवर वाळत टाकलेल्या चादरी, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर उन्हात फिकट झालेला. अँटेना साधी ग्राउंड प्लेन: मध्ये अर्ध्या मीटरला थोडी कमी अशी उभी सळी, खाली तिरक्या चार. काकांनी केबल अँटेनापासून सोडवली, मीटर मध्ये घातला, १० वॅटचा स्लग बसवला आणि खाली मुलीला फोन लावला.

"दाब."

काटा सहाच्या जरा पुढे थांबला. २५ पैकी सव्वासहा.

"सोड." ५ वॅटचा स्लग, बाण खाली सेटकडे. "दाब."

चार.

मला हिशेब लागायला वेळ लागला. वर पोचतात सव्वासहा, त्यातले चार अँटेना परत धाडते. हवेत जातात जेमतेम सव्वादोन. आणि परत निघालेल्या त्या चारांना तीच वीस मीटर केबल पुन्हा उतरायची असते. जाताना तिने तीन चतुर्थांश खाल्ले, येतानाही तेवढेच खाते. खाली पोचतो एक वॅट. चार टक्के. वरच्या टोकाला मात्र परतीचं प्रमाण चौसष्ट टक्के, एसडब्ल्यूआर नऊ. केबल जितकी सडकी, तितका खालचा आकडा गोजिरा. डमी लोडवर तर परत काहीच येत नाही, म्हणून डमी लोड काही अँटेना होत नाही.

मुलगी वर आली तेव्हा काकांनी ब्लेडने केबलचं काळं आवरण वरच्या टोकापासून उभं चिरलं होतं. आत तांब्याची जाळी काळी पडलेली, काही ठिकाणी हिरवट, आणि बंद पेटीतल्या ओल्या कपड्यांसारखा कुबट वास. कनेक्टरवरची चिकटपट्टी उन्हाने कधीच सुटली होती. पावसाचं पाणी तिथून शिरून जाळीच्या धाग्यांतून खाली झिरपलेलं. केबल आरजी ५८. धडधाकट असती तरी या फ्रिक्वेन्सीला वीस मीटरमध्ये २५ चे दहाच वर पोचवते. पाण्याने ते सहावर आणले होते. अँटेनाच्या बुडाशी मधल्या सळीचा सोल्डर तडकलेला. मुलगी बराच वेळ ती जाळी बोटात धरून बसली होती.

एवढं जीव तोडून हे का करायचं, हा प्रश्न मोबाइल हातात असलेला कोणीही विचारेल. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसई-विरारच्या अनेक भागांत वीज नव्हती; अशा वेळी मोबाइल किती वेळ टिकणार? तेव्हा मुलगी शाळेत होती. पुढे तिने भारती प्रसाद यांच्याविषयी वाचलं. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा त्या हॅम मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानातले निरोप देशभर गेले. ते वाचूनच परवान्याची परीक्षा द्यायचं तिने ठरवलं. पुराच्या वेळी सेट चालणार तो घरातल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर, आणि बोलताना असा सेट पाचसहा अँपिअर सहज ओढतो. त्या मोजक्या बॅटरीतून निघालेल्या २५ वॅटपैकी तेवीस केबलमध्ये आणि सांध्यात मरत असतील, तर आणीबाणीत उपयोगी पडू असं म्हणण्याला अर्थ नाही. मला काकांचा हट्ट इथे पूर्ण पटला. संकटासाठी रेडिओ ठेवणाऱ्या प्रत्येकाने पावसाआधी वरच्या टोकाला मोजलंच पाहिजे, आणि खालच्या आकड्यावर कोणाला शाबासकी देऊ नये.

दुपारपर्यंत काम उरकलं. आरजी २१३ ची जाड केबल ओढली, सळीचा जोड घासून पुन्हा सोल्डर केला. राळेचा धूर उठला तेव्हा कुबट वास पहिल्यांदा गेला. कनेक्टरवर रबराची सीलिंग टेप, तिच्यावर साधी टेप, आणि जिन्याच्या खिडकीतून आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. या वळशासाठी काकांनी बांधलेली केबल एकदा सोडून पुन्हा बांधायला लावली.

पुन्हा मोजलं. खाली २५. वर सोळा, परत अर्धा. दोन्ही टोकांचे आकडे मुलीने वहीत तारखेसकट लिहिले. पाऊस संपला की ऑक्टोबरात हीच मापं पुन्हा घ्यायची, असं ठरलं. मग ती सेटवर बसली. दुसऱ्या हाकेला बोरिवलीहून उत्तर आलं, आवाज स्वच्छ. पलीकडच्या गृहस्थांनी नवीन सेट घेतला का म्हणून विचारलं.

काका मीटर टॉवेलात गुंडाळत होते, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. नऊ वॅट अजून केबलमध्येच जातात, हे तिला आता खुपायला लागलं होतं. चौथ्या मजल्यावर मावशी राहतात. त्यांच्या माळ्यावर सेट ठेवला तर केबल वीसवरून सहा मीटरवर येईल, मग वर बावीसच्या आसपास पोचतील.

"हिशेब बरोबर आहे," काका म्हणाले. "आधी मावशींना विचार."