तीन वर्षांचे रविवार

ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली होती. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल मोठ्या संख्यांच्या अवयवांवर बोलणार होते. गणितज्ञ ई. टी. बेल यांनी लिहून ठेवलंय, की कोल फळ्यापाशी गेले आणि चकार शब्द न काढता २ चा ६७वा घात काढू लागले. त्यातून १ वजा केला. उत्तर २१ अंकी आलं: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मग फळ्याच्या कोऱ्या भागावर दुसरी मांडणी: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. शाळेतल्यासारखाच हातचे धरत केलेला गुणाकार. त्याचं उत्तर पहिल्या उत्तराशी अंकन् अंक जुळलं. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या उठल्या.

या टाळ्यांमागे अडीचशे वर्षांचा इतिहास होता.

फ्रान्समधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये एक यादी दिली होती. २ चा कितवा घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून जिला कुणीच भागत नाही अशी संख्या, याची ती यादी. त्यात ६७ होता. घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ असतेच असं नाही, हे आधीपासून ठाऊक होतं. ११व्या घातातून १ वजा करून येणारे २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. पण २१ अंकी संख्येची परीक्षा करायची कशी?

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने एक वेगळीच वाट काढली. तिचं पुढे सुटसुटीत झालेलं रूप ३१वर, म्हणजे पाचव्या घातातून १ वजा केलेल्या संख्येवर, करून पाहता येतं. ४ पासून सुरुवात. वर्ग करून २ वजा केले की १४. पुन्हा तेच केलं की १९४. ३१ने भागल्यावर बाकी ८. आणखी एकदा केलं की ६२, आणि आता बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य उरली, तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ल्युकांच्या पडताळणीत ६७ची संख्या नापास झाली. ती फुटते हे नक्की झालं, पण कशी फुटते ते मात्र कळलं नाही. परीक्षेत अवयव कुठेच हाती लागत नाहीत.

एक खूण तेवढी होती. या संख्येच्या प्रत्येक अवयवातून १ वजा केला, की उरलेल्याला १३४ने, म्हणजे ६७च्या दुपटीने, पूर्ण भाग जातो. तरीही लहान अवयव या रांगेत १४,४५,५८०वा आहे. ओळीने भागत बसणं हाताने शक्यच नव्हतं. कोल यांनी वर्गांच्या बाक्यांची चाळणी लावून उमेदवार कमी केले. किती वेळ लागला, असं बेल यांनी पुढे विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं: तीन वर्षांचे रविवार.

गुणाकार काही मिनिटांचा आणि अवयव शोधणं वर्षांचं, याच तफावतीवर १९७७ मध्ये आरएसए ही कूटलेखनाची पद्धत उभी राहिली. त्याच वर्षी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, तीही जगभरातल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावल्यावर. २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली.

मर्सेनच्या घराण्यातली कोडी मात्र संपलेली नाहीत. २ च्या १२७७व्या घातातून १ वजा केला की ३८५ अंकी संख्या येते. ती मूळ नाही, हे सिद्ध झालं आहे. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.