राजांच्या रांगेतली मेरेतनीथ

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1900 मध्ये इजिप्तमधल्या अबिडोसच्या वाळवंटात एक भलेमोठे थडगे उकरले. आजूबाजूला पहिल्या राजघराण्यातल्या राजांची थडगी, बांधकाम त्यांच्या तोडीचे, वर नाव कोरलेली शिळाही. तेव्हा हाही राजाच, असे पेट्री यांनी धरले. पुढे उमगले की मेरेतनीथ हे बाईचे नाव. राजाचे नाव महालाच्या चौकटीत कोरून वर होरस देवाचा ससाणा बसवायची रीत होती. तिच्या शिळेवर यातले काहीच नाही.

तिचे स्थान कळले ते पुढे डेन राजाच्या थडग्यापाशी मिळालेल्या मातीवरच्या मुद्रेच्या ठशातून. त्यावर नारमेरपासून डेनपर्यंत राजांची नावे आहेत आणि सोबत ‘राजमाता मेरेतनीथ’. डेन लहान असताना राज्यकारभार तिने पाहिला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. घराण्याच्या अखेरच्या काआ राजाच्या मुद्रेतून मात्र ती गायब आहे. आईचा मान मुलाने राखला, वंशजांना त्याची गरज वाटली नसावी!

व्हिएन्ना विद्यापीठाच्या क्रिस्टियाना कोलर यांच्या चमूने अलीकडे याच जागी पुन्हा खोदकाम केले. 2023 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांतली बातमी ठरली दारूची: वाइनचे शेकडो मोठे रांजण, काहींची तोंडे पाच हजार वर्षांनंतरही लिंपलेलीच, आत द्राक्षांच्या बिया. लेखांवरून तिच्याकडे खजिन्यासारखी मध्यवर्ती खाती होती, असेही दिसते.

मला मात्र विटा जास्त बोलक्या वाटतात. थडगे कच्च्या विटा, माती आणि लाकूड यांचे. भोवती दरबारी व सेवकांची 41 थडगी. राणीसोबत या सगळ्यांना मारून पुरले, ही कल्पना जुनी आणि वाचकप्रिय. पण तसे असते तर इतकी थडगी अंत्यविधीपूर्वी एकदमच तयार लागली असती. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या टप्प्यांत, बराच काळ बांधली जात होती. म्हणजे माणसे आपापल्या वेळी मरण पावली आणि धनिणीशेजारी पुरली गेली, हा अर्थ जास्त पटतो. अर्थात हा निवाडा तिच्यापुरताच. जवळच्याच जेर राजाच्या थडग्याभोवती तीनशेहून अधिक थडगी आहेत. तिथल्या विटा स्वतंत्रपणे वाचाव्या लागतील.