फेसलेली मोहरी आणि कोळंबीचा थंड सॉस

उकडून गार केलेल्या कोळंबीबरोबर दिला जाणारा लालसर, आंबट-गोड आणि नाकात झिणझिण्या आणणारा जो सॉस ‘कॉकटेल सॉस’ म्हणून ओळखला जातो, तो मूळचा अमेरिकी असून त्याची घडण साधी आहे. टोमॅटो केचप, लिंबाचा रस, वूस्टरशायर सॉस, टबॅस्कोसारखा मिरचीचा सॉस आणि किसलेले हॉर्सरॅडिश एवढे पाच जिन्नस एकत्र केले की तो तयार होतो. यांपैकी पहिले चार ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील कोणत्याही मोठ्या वाणसामानाच्या दुकानात सहज मिळतात. पाचवा, म्हणजे थंड हवेत वाढणाऱ्या एका झाडाचे तिखट पांढरे मूळ, सहसा मिळत नाही, आणि सॉसचा प्राण नेमका त्यातच असतो. हे मूळ वगळून केलेला सॉस म्हणजे लिंबू पिळलेले केचप, एवढेच म्हणता येईल. तथापि या मुळाचा जो गुण आहे तो मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या फेसलेल्या मोहरीच्या रूपाने नांदत आला असून, घरी हा सॉस करताना तिचाच आधार घ्यावा, हे येथे सविस्तर मांडायचे आहे.

सॉसचा इतिहास थोडक्यात असा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात कालवे पेल्यात घालून वर केचप आणि तिखट सॉस ओतून खाण्याची पद्धत रूढ झाली; त्यातील जिन्नसांपैकी लुईझियानातील टबॅस्को १८६८पासूनचा, हाइन्झचे केचप १८७६चे, तर इंग्लंडमधील ली अँड पेरिन्सचा वूस्टरशायर सॉस त्यांच्याही आधीचा, म्हणजे १८३७चा. ब्रिटिशांनी पुढे याच कल्पनेत मेयोनीज घालून गुलाबी, मवाळ असा सॉस केला आणि आपल्याकडील क्लब व बड्या हॉटेलांत ‘प्रॉन कॉकटेल’ म्हणून पोचला तो प्रामुख्याने हाच. मेयोनीजमुळे तिखटाची धार बोथट होते आणि ताज्या कोळंबीचा नैसर्गिक गोडवाही झाकला जातो, म्हणून या लेखात तो प्रकार बाजूला ठेवला आहे.

आता मोहरीकडे वळू. हॉर्सरॅडिश आणि मोहरी या दोन्ही वनस्पती एकाच कुळातील, कोबी-मुळ्याच्या कुळातील, असून दोहोंच्या पेशींत सिनिग्रिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो, तर मायरोसिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे प्रथिन, त्याच्यापासून वेगळे राखलेले असते. दाणा किंवा मूळ अखंड आहे तोवर या दोघांची गाठ पडत नाही आणि म्हणूनच मूठभर मोहरी हुंगली तरी नाकाला काहीच जाणवत नाही. ती कुटली आणि तिला पाणी लागले की मात्र दोन्ही द्रव्ये एकत्र येऊन अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारे तेल तयार होते. मिरचीतील कॅप्सेसिन उडून जात नसल्यामुळे ते जिभेवरच जाळ करीत रेंगाळते, उलट हे तेल वाफेसारखे वर चढून थेट नाकात जाते, डोळ्यांत पाणी आणते आणि क्षणात ओसरते. थंड, गोडसर मासळीला हा दुसरा तिखटपणाच शोभतो, कारण तो ओसरल्यावर जीभ पुढच्या घासाला मोकळी राहते.

याच रसायनातून करणाऱ्याला तीन पथ्ये मिळतात आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती विकराचे नाव न ऐकताही पाळली होती. पहिले असे की पाणी गारच हवे, कारण कढत पाण्याने विकर निकामी होते आणि हाती फक्त कडवटपणा उरतो; फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही, त्याचे कारणही हेच. दुसरे असे की लिंबू किंवा दही आरंभी घालू नये, कारण आंबटपणाने विकराचे काम मंदावते. मात्र झोंब पुरती चढल्यावर आंबट घातले तर तीच झोंब अधिक काळ टिकते. तिसरे पथ्य वेळेचे आहे : फेसल्यावर मोहरीला दहा मिनिटे झाकून विश्रांती द्यावी आणि मग तिला फार ताटकळत ठेवू नये.

प्रत्यक्ष कृती अशी की दोन चहाचे चमचे मोहरीची डाळ, म्हणजे लोणच्यासाठी मिळणारी सालरहित फोडलेली मोहरी, खलात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात भांडे तापू न देता बारीक करावी, पसरट वाडग्यात काढून चिमूटभर मीठ आणि तीन चमचे गार पाणी थोडे थोडे घालत तीन बोटांनी एकाच दिशेने फेसावी. प्रथम ती ओल्या रव्यासारखी रवाळ आणि गडद पिवळी दिसते. चार-पाच मिनिटांत हवा मिसळून ती फुलते, रंग फिकट होत सायीच्या जवळ जातो, बोट उचलले की मऊ टोक उभे राहते आणि त्याच सुमारास वाडग्यावर वाकलेल्या माणसाच्या नाकात पहिली तिडीक उठते. काकडीच्या कोशिंबिरीत, लाल भोपळ्याच्या भरितात आणि लोणच्याच्या खारात हीच फेसलेली मोहरी पडते. मासळीशी मात्र मराठी घरांनी तिची सोयरीक क्वचितच जुळवली, याची हळहळ वाटते. कारण बंगालमध्ये अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घालण्याची परंपरा असलेली कासुंदी, म्हणजे आंबवलेल्या मोहरीची चटणी, तळलेल्या माशाबरोबर इतकी एकरूप झालेली आहे की कोलकात्यात एकीवाचून दुसऱ्याची कल्पना करवत नाही. जपानी सुशीबरोबर मिळणारी हिरवी वासाबीही बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचेच मिश्रण असते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील इंग्रज मंडळी शेवग्याचे मूळ किसून हॉर्सरॅडिशऐवजी वापरीत, हे खरे असले तरी त्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइडे असल्यामुळे आज कोणी तो प्रयोग करू नये.

बाकीच्या तयारीत टोमॅटोचा भाग सोपा आहे. बाजारचे केचप फार गोड असते, म्हणून ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या भाजीबाजारात मिळणारे अर्धा किलो लालबुंद, गरदार टोमॅटो चिरून, शिजवून, गाळून घ्यावेत आणि तो रस मीठ, दीड चमचा साखर, एक चमचा व्हिनेगर व दोन सुक्या लाल मिरच्यांसह वाटीभर उरेपर्यंत आटवावा. गाळलेला हा दाट रस पूर्ण गार होऊ द्यावा, कारण कोमट रसात मोहरी मिसळली तर तिचे तेल उडून जाते आणि आधीची सारी मेहनत वाया जाते.

वूस्टरशायर सॉसच्या बाबतीत अधिक रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याच्या घटकांत चिंच आणि मुरवलेली अँकोव्ही ही छोटी मासळी या दोन्ही आहेत. तेव्हा चमचाभर दाट चिंचेचा कोळ आणि कोरडे भाजून कुटलेल्या सोड्यांची, म्हणजे सोलून वाळवलेल्या कोळंबीची, पाव चमचा पूड घातली तर त्याची उणीव भासत नाही. उलट सोड्यांचा खमंग खारा वास कोळंबीशी अधिक जवळचे नाते सांगतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत सोड्यांचा डबा असतोच, त्यामुळे तेथे यासाठी वेगळी खरेदीही करावी लागणार नाही.

मासळीच्या निवडीत ठाणेकराने एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. ठाणे स्थानकाजवळचा चेंदणी कोळीवाडा खाडीच्या आधाराने वसला आणि खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलपट्ट्यात, कालवे, निवट्या, चिंबोरी मिळवणारी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. परंतु शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने खाडीत जाऊ लागल्यापासून ती मासेमारी रोडावली. रोहित पक्ष्यांमुळे २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या या खाडीचे महत्त्व मोठे आहे, तरीही कालवे आणि शिंपल्या पाणी गाळून अन्न मिळवतात आणि पाण्यातले जंतू व जड धातू अंगात साठवतात, म्हणून अमेरिकी रीतीप्रमाणे कच्ची कालवे या सॉसबरोबर खाण्याचा मोह येथे टाळावा. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून येणारी समुद्राची कोळंबी हीच योग्य. जून-जुलैची मासेमारी बंदी उठून आणि श्रावण, गणपती, नवरात्र सरून दिवाळी येते तेव्हा बाजारात कोळंबी मुबलक असते.

अर्धा किलो मध्यम कोळंबी शेपटीचे टोक राखून सोलावी, पाठीला चीर देऊन काळा धागा काढावा आणि डोकी-साले वेगळी ठेवून खारट पाण्यात मिरी व लिंबाच्या सालीसह पंधरा मिनिटे उकळावीत. पाणी गाळून पुन्हा उकळी आणावी, आच बंद करावी आणि त्यात कोळंबी सोडावी. करडे पारदर्शक मांस पांढरे होऊन त्यावर नारिंगी रेघा उमटतात आणि कोळंबी अर्धवर्तुळात वळते, याला दोन-तीन मिनिटे पुरतात. ती पुरी वेटोळी झाली तर चिवट झाली असे समजावे. लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून, निथळून ती थंड ठेवावी. उरलेले पाणी टाकून देणे हा अपव्यय आहे, त्यात दुसऱ्या दिवशी उत्तम भात होतो.

शेवटी गार टोमॅटोच्या रसात चिंचेचा कोळ, सोड्यांची पूड आणि ताजी कुटलेली मिरी मिसळावी. फेसलेल्या मोहरीत मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून ती सर्वांत शेवटी, निम्मी आधी आणि उरलेली चव पाहत, घालावी. आले-लसणाचे वाटण यात अजिबात नको, कारण कच्चा लसूण मोहरीवर कुरघोडी करतो. अर्धा तास शीतकपाटात मुरल्यावर सॉस लहान वाट्यांत वाढावा. उकडलेल्या चिंबोरीच्या नांगीतील मांसाबरोबर तो कोळंबीइतकाच रुचतो. रवा लावून तळलेल्या बोंबलांबरोबर मात्र देऊ नये, कारण ओलाव्याने त्यांचा कुरकुरीतपणा जातो. झाकून ठेवल्यास सॉस तीन दिवस टिकतो, पण झोंब दुसऱ्याच दिवशी उतरते, तेव्हा वाढण्याआधी चमचाभर मोहरी नव्याने फेसून त्यात मिसळावी.