‘वर्गीकरण नाही’: फ्रान्ती नावाचा बँड, त्याच्या तबकड्या आणि आपली ‘व्याप्ती व मर्यादा’

पीएचडीच्या आराखड्यात ‘व्याप्ती आणि मर्यादा’ असा एक मथळा असतो. बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी भरतात. अमुक काळ, अमुक प्रदेश, अमुक प्रकार, आणि बाकीचं ‘प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर’. दोन ओळी झाल्या की सुटलो. पण तुमचे निम्मे निष्कर्ष त्या दोन ओळींतच ठरून गेलेले असतात, आणि व्हायव्हाला कुणी त्यावर बोट ठेवलं की मग धांदल उडते. हे कसं होतं ते आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण इटलीतलं आहे आणि बऱ्याच जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल. तोरिनो शहरातला (आपल्या नकाशांवर हे ट्युरिन असतं) फ्रान्ती नावाचा बँड आणि त्याच्या मोजक्या तबकड्या.

समजा तुमचा विषय आहे ‘१९८० च्या दशकातलं इटालियन हार्डकोर पंक’. हार्डकोर म्हणजे पंकचं आणखी आवळलेलं रूप. गाणं मिनिट-दीड मिनिटाचं, ड्रम सुसाट, गिटार खरखरीत, आणि गाण्यापेक्षा ओरडणं जास्त. १९८० च्या आसपास अमेरिकेत हे सुरू झालं आणि इटलीतल्या पोरांनी ते फार लवकर उचललं. मिलानचा रेच्ड, व्हेर्चेल्लीचा इन्दिजेस्ती, पोव्हील्यो नावाच्या छोट्या गावातला रॉ पॉवर, पिसाचा सीसीएम, तोरिनोचे देक्लीनो आणि नेगात्स्योने. ही नावं कुठल्याही यादीत सापडतात. इथवर काही अडचण नाही.

आता फ्रान्ती. हा बँड सुरू झाला १९७० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे यादीतल्या बऱ्याच जणांच्या आधी. गायिका लल्ली. स्तेफानो जाक्कोने सॅक्सोफोन आणि गिटार वाजवायचा. १९८३ मध्ये ‘लूना नेरा’, म्हणजे ‘काळा चंद्र’, ही कॅसेट आली. ती ऐकायला बसलात तर हार्डकोरची अपेक्षा ठेवून बसू नका. त्यात जॅझ आहे, लोकगीताच्या वळणाचं काही आहे, मध्येच सॅक्सोफोन स्वतःच्या नादात निघून जातो. काही ठिकाणी आवाज इतका खाली येतो की श्वास ऐकू यावा. मग अचानक सगळं अंगावर येतं. मला स्वतःला हा बँड यादीतल्या निम्म्या बँडांपेक्षा जास्त आवडतो, पण आवड हा नमुना निवडायचा निकष नव्हे.

कानाने ठरवलं तर उत्तर सोपं आहे: फ्रान्ती यादीबाहेर. वेगवान नाही, छोटी गाणी नाहीत, सतत ओरडणं नाही. पुढचा विद्यार्थीही हेच करेल, त्याच्या पुढचाही, आणि दहा वर्षांनी ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ लिहिताना कुणाला हे नावच दिसणार नाही.

पण तबकडी हातात घेतली की गोष्ट बदलते. १९८४ च्या सुमाराला फ्रान्तीने एक तबकडी वाटून घेतली ती कोन्त्रात्स्योने या बँडबरोबर. कोन्त्रात्स्योने तोरिनोचाच, आणि त्याच्या हार्डकोर असण्याबद्दल कुणाचाही वाद नाही. वाटून घेतलेली तबकडी म्हणजे दोन बँडांची एकच रेकॉर्ड. ही पद्धत त्या वर्तुळात रुळलेली होती. रेच्ड आणि इन्दिजेस्तीने १९८२ मध्ये सात इंची तबकडी अशीच काढली, देक्लीनो आणि नेगात्स्योनेची १९८४ ची ‘मूक्यो सेल्वाज्जो’ ही कॅसेटही अशीच. पैसे दोघांत वाटले जातात हे एक कारण. दुसरं असं की आपली तबकडी ज्याच्याबरोबर वाटायची, त्याला आपण आपल्यातला मानतो. लग्नपत्रिकेत कुणाची नावं शेजारी शेजारी छापायची हे जसं उगाच ठरत नाही, तसंच हे. शिवाय फ्रान्तीने आओस्ताच्या कीना या बँडबरोबर ‘ब्लू बुस’ नावाचं लेबल चालवलं. कीना पुन्हा हार्डकोरमधलाच. फ्रान्तीची १९८६ ची ‘इल जार्दीनो देल्ले क्विन्दिची प्येत्रे’ ही तबकडी याच लेबलची.

(या नावाचा अर्थ ‘पंधरा दगडांची बाग’. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातली कोरडी बाग लगेच आठवते. तिथे पंधरा दगड आहेत, पण ओसरीवर कुठेही बसलात तरी एकदम सगळे दिसत नाहीत. पंक बँडने तबकडीला असं नाव द्यावं यावरूनच हे लोक काय चीज होते ते कळतं.)

म्हणजे आता आपल्यापुढे ‘हार्डकोर’ या शब्दाच्या दोन व्याख्या आहेत. एक ध्वनीवरून: कसं वाजतं. दुसरी संबंधांवरून: कोण कुणाबरोबर वाजवतं, छापतं, वाटतं. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी चालतील. मात्र दोन्हींतून वेगवेगळे निष्कर्ष निघतात, आणि हे आधी माहीत असायला हवं. ध्वनीची व्याख्या घेतलीत तर तुमचा प्रबंध बहुधा असं म्हणेल की इटालियन हार्डकोर हा अमेरिकेकडून आलेला आवाज होता आणि स्थानिक पोरांनी तो आणखी वेगवान केला. संबंधांची व्याख्या घेतलीत तर १९७० च्या दशकातलं राजकारण, त्या काळातलं प्रयोगशील संगीत आणि १९८४ ची पंक पोरं यांच्यामधला धागा दिसायला लागतो. शिवाय फ्रान्ती वगळला की लल्लीचा आवाजही वगळला जातो. बाईचा आवाज मुळातच कमी असलेल्या यादीतून आणखी एक कमी होतो, आणि पुढे कुणीतरी ‘या चळवळीत स्त्रिया जवळजवळ नव्हत्या’ असं लिहितं. ते वाक्य आपल्या मर्यादांच्या परिच्छेदातून आलेलं असतं हे त्याला कळतही नाही.

या धाग्याला शहराची पार्श्वभूमी आहे. तोरिनो म्हणजे फियाटचं शहर. १९८० च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने १४ हजारांहून जास्त कामगार काढायची घोषणा केली. संप ३५ दिवस चालला. १४ ऑक्टोबरला फोरमन, कारकून आणि मधल्या फळीतल्या लोकांचा संपाविरुद्ध मोर्चा निघाला, तो ‘चाळीस हजारांचा मोर्चा’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यानंतर संप मोडला. त्याआधीच्या वर्षी, ७ एप्रिल १९७९ पासून, डाव्या ‘आउतोनोमिया’ गटांतल्या लोकांची धरपकड सुरू झाली होती. म्हणजे फ्रान्तीची गाणी ज्या वर्षांत घडत होती ती एका पराभवानंतरची वर्षं होती. नेगात्स्योनेची पोरं वयाने लहान, त्यांच्या वाट्याला आला तो या सगळ्याचा राग. फ्रान्तीत रागाबरोबर शोकही ऐकू येतो. हे माझं ऐकणं झालं, पुरावा नव्हे, आणि प्रबंधात लिहिताना दोन्ही वेगळं लिहायचं असतं.

बँडचं नावसुद्धा तोरिनोचंच. एदमोन्दो दे आमिचिसची ‘कुओरे’ (म्हणजे ‘हृदय’) ही १८८६ सालची कादंबरी इटलीतल्या पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी पोरांनी वाचली. सगळी गोष्ट तोरिनोच्या एका शाळेत घडते. सगळी मुलं गुणी, कष्टाळू, देशभक्त. एकटा फ्रान्ती वाईट. राजाच्या अंत्ययात्रेबद्दल बोलणं चाललेलं असताना हा हसतो. शेवटी शाळेतून हाकलला जातो. उम्बेर्तो एकोने ‘फ्रान्तीची स्तुती’ असा एक लेख लिहिला, तो १९६३ च्या त्याच्या ‘दियारियो मिनिमो’ या पुस्तकात आहे. एकोचं म्हणणं असं की त्या वर्गात सगळे जे मुकाट्याने मान्य करतात ते न मानणारा हा एकटाच आहे आणि त्याचं हसू म्हणजे नकार आहे. लेखाच्या शेवटी तर एको त्याला थेट गाएतानो ब्रेश्चीशी नेऊन जोडतो. ब्रेश्ची म्हणजे १९०० साली मोन्झात राजा उम्बेर्तोला गोळ्या घालणारा अराजकवादी. आता एखाद्या अराजकवादी वळणाच्या बँडने हे नाव का घेतलं असेल हे वेगळं सांगायला नको.

आता तबकडीकडे वस्तू म्हणून बघू. संगीताचा अभ्यास करणारे कित्येकदा फक्त ऐकतात. इंटरनेटवर सगळं मिळतं, मग रेकॉर्ड कशाला, असं वाटतं. पण अशा बँडांची कागदपत्रं कुठल्याही सरकारी दप्तरात नसतात. कंपनीची फाईल नाही, करार नाहीत. तबकडी हाच कागद.

शेवटचं गाणं संपलं की लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टा उरतो. तिथे हाताने खरवडलेले आकडे असतात. इटलीत कापलेल्या तबकड्यांवर बऱ्याचदा तिथे चक्क तारीख सापडते: दिवस, महिना, वर्ष. संशोधकाला आणखी काय हवं? पण थांबा. ती तारीख कसली आहे? ज्या मूळ चकतीवरून साचा बनतो ती चकती कापल्याची. तबकडी दुकानात किंवा कार्यक्रमात कधी पोचली हे ती सांगत नाही. त्याच साच्यावरून दोन वर्षांनी पुन्हा प्रती काढल्या तरी तारीख तीच राहणार. म्हणजे त्या तारखेवरून इतकंच म्हणता येतं की ही तबकडी त्या दिवसाच्या आधीची नाही. शिलालेख वाचणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो, संगीतवाल्यांना सांगावा लागतो.

मग शिक्का. सिआए ही इटलीतली लेखक-संगीतकारांच्या हक्कांची जुनी संस्था, १८८२ पासूनची. रीतसर विकायच्या तबकड्यांच्या लेबलवर तिचा शिक्का किंवा छापील खूण असायची. स्वतःच्या खिशातून काढलेल्या पंक तबकड्यांवर ती अनेकदा नसते. कारण पैसे वाचवणं असेल किंवा ‘आम्ही तुमच्या खात्यात नाव नोंदवणार नाही’ ही भूमिका असेल. नुसत्या नसलेल्या शिक्क्यावरून यातलं कुठलं ते ठरत नाही. त्यासाठी आत घातलेली पत्रकं वाचायला हवीत, त्या काळातली हस्तलिखितवजा मासिकं चाळायला हवीत.

मुखपृष्ठावरची किंमतही बघा. ‘इतक्या लिऱ्यांपेक्षा जास्त देऊ नका’ अशी सूचना कितीतरी पंक तबकड्यांवर छापलेली असे, म्हणजे मधल्या दुकानदाराने वर लावू नयेत. आज त्यातल्याच काही तबकड्या संग्राहकांमध्ये शेकडो युरोंना जातात. यात एक संशोधकीय सापळा आहे. जी रेकॉर्ड महाग तिची चर्चा जास्त, माहिती जास्त, पुनर्मुद्रण आधी. तिच्या प्रती कमी उरल्या एवढंच त्या किमतीवरून कळतं. तिच्या काळात ती किती जणांनी ऐकली, कुणावर तिचा परिणाम झाला, याचा त्या आकड्याशी संबंध जोडता येत नाही.

डिस्कॉग्ससारखी माहितीकोश-संकेतस्थळं वापरताना एक पथ्य पाळा. एकाच नोंदीतल्या वेगवेगळ्या रकान्यांची विश्वासार्हता वेगवेगळी असते. खरवडलेले आकडे, लेबलचा रंग, तबकडीचा आकार हे कुणीतरी वस्तू हातात धरून लिहिलेलं असतं. चूक होऊ शकते, पण तपासता येते. ‘शैली’ हा रकाना म्हणजे नोंद करणाऱ्याचं मत. बरेच विद्यार्थी नेमका तोच रकाना गाळणी म्हणून वापरतात: ‘हार्डकोर’ निवडलं, ‘इटली’ निवडलं, वर्षं घातली, झाला नमुना तयार! फ्रान्ती त्या गाळणीतून येईल की नाही हे कुणा अनोळखी माणसाने एका संध्याकाळी काय टिकमार्क केलं त्यावर अवलंबून.

बँड १९८७ च्या सुमाराला थांबला. त्याच्या संकलनाचं नाव आहे ‘नॉन क्लास्सिफिकातो’. शब्दशः ‘वर्गीकरण नाही’. इटलीतल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा शेरा असतो: गुण द्यायला शिक्षकापाशी पुरेसा आधार नसला की असं लिहितात. वर्गातून हाकललेल्या पोराचं नाव घेणाऱ्या बँडने जाताजाता स्वतःच स्वतःला हा शेरा देऊन टाकला.

मग आराखड्यात काय लिहायचं? माझ्या मते असं काहीतरी: ‘या अभ्यासात हार्डकोर ही संज्ञा ध्वनिवैशिष्ट्यासाठी नसून १९८२ ते १९८७ या काळात तबकड्या, लेबलं व जागा वाटून घेणाऱ्या गटांसाठी वापरली आहे, त्यामुळे ध्वनीने भिन्न असलेले काही गट समाविष्ट आहेत.’ किंवा उलट लिहा, ध्वनी घ्या, पण मग वगळलेल्यांची नावं तळटीपेत द्या. नाव घेऊन वगळलेला बँड पुढच्या संशोधकाला सापडतो.

शेवटी पत्त्यांबद्दल. या तबकड्यांच्या आत अनेकदा बँडमधल्या कुणाच्या तरी घरचा पूर्ण पत्ता असतो, कारण तेव्हा सगळा व्यवहार पत्रांवर चालायचा. तो पत्ता १९८४ साली पत्र लिहिणाऱ्या पोरांसाठी छापला होता. चाळीस वर्षांनी त्या घरात कदाचित कुणाची तरी म्हातारी आई राहत असेल. छापलेलं आहे म्हणजे सार्वजनिकच आहे, असं म्हणून परिशिष्टात पानाचा फोटो लावायचा मोह होतो. फोटो लावा, पण पत्ता झाका. प्रबंधासाठी शहराचं नाव पुरतं.