थ्रिलर शॉर्टफिल्म तयार झाली, आता पुढे काय? वितरक कसा निवडायचा, मार्केटिंग कसं करायचं?

गोरेगाव पूर्वेला आरे कॉलनीच्या कडेला फिल्म सिटी आहे. राज्य सरकारने १९७७ मध्ये ती उभारली आणि २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळके चित्रनगरी हे नाव मिळालं. याच आवारात व्हिसलिंग वूड्स इंटरनॅशनल ही फिल्म स्कूल आहे. मुंबईच्या उपनगरांतल्या अनेक कॉलेजांमध्येही मास मीडियाचे कोर्स चालतात. म्हणजे दरवर्षी या भागात विद्यार्थ्यांच्या कितीतरी शॉर्टफिल्म तयार होतात.

थ्रिलर हा त्यांचा आवडता प्रकार, आणि त्याला कारणही साधं आहे. एक खोली, दोन कलाकार, एक रात्र आणि एक गुपित एवढ्यावर थ्रिलर उभा राहतो. मोठा सेट लागत नाही, गर्दी लागत नाही.

अडचण येते ती फिल्म पूर्ण झाल्यावर. एडिट संपतं, सगळे थकलेले असतात आणि कोणीतरी म्हणतं, "चला, यूट्यूबवर टाकून देऊ." हा निर्णय पाच मिनिटांत होतो, पण त्याने बरेच दरवाजे बंद होतात. म्हणून अपलोडचं बटण दाबण्याआधी काही गोष्टी ठरवणं गरजेचं असतं.

पहिला प्रश्न: फिल्म कोणाच्या मालकीची?

वितरक सगळ्यात आधी हेच विचारतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाचा 'कर्ता' दिग्दर्शक नसतो, तर निर्माता असतो. विद्यार्थ्याने फिल्म लिहिली आणि दिग्दर्शित केली, पण पैसे, कॅमेरा आणि स्टुडिओ संस्थेचा असेल, तर हक्क संस्थेकडे असू शकतात. अनेक फिल्म स्कूल प्रवेशाच्या वेळीच तसं लिहून घेतात. तो कागद आधी काढून वाचावा.

दुसरी अडचण संगीताची. थरार वाढवायला एखाद्या गाजलेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत उचललं, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते. मग जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ दिसायचा बंद होतो. फेस्टिव्हल आणि वितरकही संगीताच्या परवानगीचं पत्र मागतात. मित्राकडून नवीन संगीत करून घेतलं, तर त्याचीही लेखी संमती हवी. हेच कलाकारांच्या बाबतीत.

शॉर्टफिल्मला वितरक मिळतो का?

मिळतो, पण थिएटरवाला नाही. वीस मिनिटांच्या फिल्मचा वेगळा शो लावून तिकिटं विकली जात नाहीत. शिवाय थिएटरमध्ये दाखवायचं तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. शॉर्टफिल्मसाठी साधारण तीन वाटा असतात.

पहिली वाट शॉर्टफिल्म गोळा करून दाखवणाऱ्या चॅनलची. मुंबईतली 'पॉकेट फिल्म्स' ही अशीच कंपनी. इथे तयार प्रेक्षक मिळतो आणि उत्पन्न आलं तर त्यात वाटा ठरतो.

दुसरी वाट ब्रँडच्या प्लॅटफॉर्मची. सुजॉय घोष यांची 'अहल्या' ही चौदा मिनिटांची बंगाली थ्रिलर २०१५ मध्ये 'रॉयल स्टॅग बॅरल सिलेक्ट लार्ज शॉर्ट फिल्म्स'च्या माध्यमातून यूट्यूबवर आली आणि देशभर गाजली. पण त्यात सौमित्र चॅटर्जी आणि राधिका आपटे होते. अनोळखी चेहऱ्यांच्या फिल्मला तिथे जागा मिळणं अवघड असतं.

तिसरी वाट स्वतःच्या चॅनलची. हक्क पूर्ण आपल्या हातात राहतात, पण प्रेक्षक शून्यापासून जमवावा लागतो. जाहिरातीतून कमाई सुरू व्हायला यूट्यूबवर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. एका शॉर्टफिल्मच्या जोरावर तिथे पोचणं सोपं नाही.

करारात काय बघायचं?

वितरक किती व्ह्यूजचं आश्वासन देतो यापेक्षा तो काय लिहून घेतो हे महत्त्वाचं. तीन शब्द शोधायचे: 'कायमस्वरूपी', 'जगभर' आणि 'एक्सक्लुझिव्ह'. हे तिन्ही एकत्र असतील आणि बदल्यात ठोस रक्कम नसेल, तर फिल्म हातातून गेली असं समजावं.

कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे उपयोगी पडतं. हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन समोरच्याने वर्षभर ते वापरलेच नाहीत, तर ते परत येतात. पण हे सगळं करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. म्हणून सही करण्याआधी वाचणं आलंच.

आधी फेस्टिव्हल, मग ऑनलाइन

अनेक फेस्टिव्हल आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. उलट फेस्टिव्हलनंतर ऑनलाइन जायला काहीच अडत नाही. म्हणून क्रम हाच ठेवायचा.

मुंबईकरांसाठी जवळचा पर्याय म्हणजे 'मिफ्फ', म्हणजेच मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी तो १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो आणि त्यात विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी पुरस्कारही असतो.

हा क्रम पाळल्याने काय होतं? नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे २०१३ मध्ये 'फँड्री' आला. पुण्याच्या एफटीआयआयचा विद्यार्थी चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या फिल्मने २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी गटातला पहिला पुरस्कार पटकावला. या दोन्ही फिल्म थ्रिलर नाहीत, पण विद्यार्थ्याच्या फिल्मला नाव फेस्टिव्हल देतं, हे त्यातून दिसतं. 'अधिकृत निवड' ही पोस्टरवरची एक ओळ नंतर वितरकाशी बोलताना कामी येते.

मार्केटिंग: गुपित विकायचं, सांगायचं नाही

थ्रिलरचं भांडवल एकच, 'पुढे काय होणार?' त्यामुळे ट्रेलरमध्ये प्रश्न दाखवायचा, उत्तर नाही. वीस मिनिटांच्या फिल्मला दोन मिनिटांचा ट्रेलर नको, तीस-चाळीस सेकंदांचा टीझर पुरतो. रील्समध्ये एखादी वस्तू, एखादा आवाज, अर्धवट संवाद एवढंच ठेवायचं. फिल्म आल्यावर कमेंटमध्ये शेवट फोडला जातो, तेव्हा पहिले दोन दिवस कमेंटवर लक्ष हवं.

या बाबतीत जगभर उदाहरण दिलं जातं ते 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चं. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये शिकलेल्या दोघांनी ही भयपट-थ्रिलर बनवली. जंगलात गेलेले तीन विद्यार्थी खरंच बेपत्ता आहेत असं वेबसाइटवरून आणि पोस्टरवरून पसरवलं गेलं. १९९९ च्या सनडान्स महोत्सवात आर्टिझन कंपनीने ती सुमारे ११ लाख डॉलरना घेतली आणि जगभरात तिने जवळपास २५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. त्या तीन कलाकारांनी २०२४ मध्ये जाहीर पत्र लिहून योग्य मोबदल्याची मागणी केली. पंचवीस वर्षं झाली तरी करारातलं दुखणं संपलेलं नव्हतं.

'बेपत्ता' पोस्टरची कल्पना इथे का नको?

ही युक्ती आज गोरेगावात वापरण्याचा मोह अनेकांना होईल. स्टेशनबाहेर 'मुलगी हरवली आहे' असं पोस्टर आणि व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ती अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होती. फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओखाली 'ही शॉर्टफिल्मची जाहिरात आहे' हे वाक्य टिकत नाही, फक्त भीती टिकते.

म्हणून फिल्मचं नाव आणि 'काल्पनिक' हा शब्द व्हिडिओच्या चौकटीतच ठळक हवा, कॅप्शनमध्ये नाही. खऱ्या व्यक्तीचा फोटो, खरा पत्ता, पोलिसांचं नाव किंवा चिन्ह वापरायचं नाही. भिंतींवर विनापरवाना पोस्टर चिकटवणं राज्याच्या १९९५ च्या मालमत्ता विरूपण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवायचं.

थोडक्यात क्रम असा: आधी हक्कांचे कागद, मग फेस्टिव्हल, त्यानंतर मुदत ठरवून वितरक आणि सगळ्यात शेवटी अपलोड. फिल्म ऑनलाइन टाकायला पाच मिनिटं लागतात. ती कधीही टाकता येते, पण एकदा फुटलेलं गुपित आणि एकदा केलेली सही परत घेता येत नाही.